फोनवरचा श्वास

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

उलट थोडं गाळलंच आहे, कारण माझ्या जावेने तसं बजावलंय. शहराचं नाव लिहायचं नाही. ज्या दोन घरांत हे घडलं त्यांची खरी आडनावं लिहायची नाहीत. म्हणून तेवढी बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

माझी मोठी जाऊ चिझुरु नर्स आहे. मी लग्न होऊन जपानच्या या बर्फाळ किनाऱ्यावर आले तेव्हा इथली भाषा मला तिने शिकवली, मुळ्याचं लोणचं घालायला तिने शिकवलं, आणि सासूबाईंसमोर कधी गप्प बसायचं तेही तिनेच. निम्मं आयुष्य तिने हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलं. गेलेल्या माणसांना तिने आपल्या हाताने पुसलंय, शेवटचे कपडे घातलेत. ही बाई कशाला घाबरते, असं मला कधी दिसलं नव्हतं.

त्या फेब्रुवारीपर्यंत.

गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने वॉर्ड सोडला आणि अग्निशमन केंद्रात फोनवर बसायचं काम धरलं. आमच्याकडे अ‍ॅम्ब्युलन्स अग्निशमन दलाच्याच असतात. एकशे एकोणीस नंबर लावला की फोन तिथे जातो. पण लोक कशासाठीही लावतात. कुणाची उचकी थांबत नाही, कुणाला झोप येत नाही, कुणाला नुसतं बोलायला माणूस हवं असतं. गाड्या मोजक्या, त्यात रस्त्यावर बर्फ.

म्हणून शहराने नवी पद्धत आणली. फोन घेणाऱ्या जवानाला प्रकरण जिवावरचं वाटलं नाही, की त्याने तो फोन शेजारच्या टेबलावर नर्सकडे द्यायचा. नर्सने विचारपूस करायची, घरी काय करायचं ते सांगायचं, धीर द्यायचा. आणि तिला वेगळं काही वाटलं, तर हात वर करायचा.

हात वर झाला की गाडी निघायची.

चिझुरु या कामात चांगली रमली होती. तिची एक सवय होती. फोन करणाऱ्याला ती सांगायची, "फोन पेशंटच्या तोंडाजवळ धरा. मला श्वास ऐकू दे." वॉर्डातला तिचा कान तयार होता. श्वास ऐकून तिला बरंच कळायचं. मग तिचं पाहून बाकीच्या नर्सही तसंच करायला लागल्या.

त्या संध्याकाळी बर्फ पडत होतं. पाच वाजून गेले होते, बाहेर अंधारलं होतं. फोन घेणारा जवान निशिवाकी, तोंडाचा भारी फटकळ, टेबलापलीकडून म्हणाला, "हिराइवाताई, घ्या. तुमचं गिऱ्हाईक." हिराइवा हे आमचं सासरचं आडनाव.

"काय आहे?"

"आजीबाईंना पडसं झालंय, आजोबा घाबरलेत. मला विचाराल तर रात्रीचा स्वयंपाक करायची वेळ आलीय म्हणून घाबरलेत."

"तू घरी किती करतोस ते तुझ्या बायकोला विचारते हं मी."

हसत हसतच तिने फोन घेतला.

पलीकडे सुगाया नावाचे म्हातारे आजोबा होते. मऊ, संकोची आवाज.

"माफ करा हं, एवढ्याशा गोष्टीसाठी फोन केला. हिला कालपासून जरा कणकण होती. दुपारी जेवून कोतात्सुत पाय घालून आडवी झाली, ती अजून उठली नाही."

कोतात्सु म्हणजे खाली शेगडी आणि वरून रजई असलेलं आमचं बुटकं टेबल. हिवाळ्यात सगळ्या म्हाताऱ्यांचा मुक्काम तिथेच.

"अंग गरम आहे का आजोबा?"

"चांगलं ऊबदार आहे. चेहरापण शांत आहे. मी हाक मारली तर उठली नाही, पण तिची झोप पहिल्यापासून अशीच. लग्न झालं तेव्हा भूकंप झाला होता, तेव्हाही उठली नव्हती."

चिझुरुला हसू आलं.

"बरं. आता असं करा, फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा. मी ऐकते."

"उशीवर ठेवू का?"

"ठेवा."

रजई सरकल्याचा आवाज आला. मग जरा वेळ काहीच नाही.

आणि मग...

आत... बाहेर.

आत... बाहेर.

शांत, संथ श्वास. झोपलेल्या माणसाचा. सोडताना शेवटी बारीकशी शीळ, नाकात थोडी सर्दी असावी तशी. घाई नाही, घरघर नाही, अडखळणं नाही.

एक गोष्ट तिला तेव्हा जाणवली, पण तिने मनावर घेतली नाही. खोलीतले बाकीचे आवाज लांबून येत होते. किटलीचं झाकण थडथडत होतं. पाय घासत कुणी गेलं. सरकतं दार उघडलं. किटलीचा आवाज बंद झाला. सगळं दूर, घराच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखं.

श्वास मात्र अगदी कानाशी होता.

इतका जवळ, की तिने रिसीव्हर जरासा लांब धरला.

आजोबा परत आले. "ऐकलंत?"

"ऐकलं. छान झोपल्या आहेत. झोपू द्या त्यांना."

"मग अ‍ॅम्ब्युलन्स नको?"

"नको. सकाळी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. मध्येच काही वाटलं तर परत फोन करा."

"परत तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला त्यात, आजोबा."

त्यांनी तीनतीनदा आभार मानले. चिझुरुने फोन ठेवला. हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तर निशिवाकीने थट्टा केली नाही. तिच्यासमोर चहा आणून ठेवला.



"ताई... कालच्या त्या सुगाया आजी."

"काय झालं?"

"सकाळी आजोबांचा परत फोन आला होता. उठत नाहीये म्हणाले. गाडी गेली. पण आजी... गेलेल्या होत्या."

"रात्रीत गेल्या?"

निशिवाकी खाली बघायला लागला.

"नाही. डॉक्टर म्हणाले, कालच्या दुपारीच. जेवून आडव्या झाल्या तेव्हाच. अंग ताठलं होतं त्यावरून म्हणाले. कोतात्सुमुळे ऊब राहिली, म्हणून आजोबांना कळलं नाही."

चिझुरु म्हणाली, "ते शक्य नाही. मी श्वास ऐकलाय."

केंद्राचे प्रमुख कुसाकाबे यांनी तिला आत बोलावलं. प्रत्येक फोन तिथे ध्वनिमुद्रित होतो. तो फोन लावला. दार बंद करून तिघांनी ऐकला.

आत... बाहेर.

शेवटी बारीक शीळ.

तो होता. सगळ्यांना ऐकू आला.

कुसाकाबे यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "आजोबांचा असणार. फोन ठेवताना वाकले असतील. म्हातारा माणूस, धाप लागते. तुम्हाला वाटलं आजींचा. हिराइवासान, तुमची चूक नाही. गाडी पाठवली असती तरी फरक पडला नसता."

ते पटण्यासारखं होतं. निशिवाकीनेही मान डोलावली. आणि चिझुरुला ते पटवून घ्यायचंच होतं.

पण किटलीचा आवाज तिच्या डोक्यातून जाईना.

किटली कुणी बंद केली?

आजींचं दिवसकार्य झाल्यावर ती सुगायांच्या घरी गेली. हे नियमात बसत नव्हतं. केंद्रात तिने कुणाला सांगितलं नाही. गाडी मी चालवली, कारण निसरड्या रस्त्यावर तिला गुडघ्यामुळे ब्रेकचा भरवसा वाटत नाही. मी बाहेर गाडीतच बसले. ती संत्र्यांची पेटी घेऊन आत गेली.

पुढचं तिने मला सांगितलेलं.

आजोबा एकटेच होते. देवघरात आजींचा फोटो, पुढे उदबत्ती. चिझुरुने हात जोडले, मग नाव सांगितलं. ती मनातून शिव्या खायच्या तयारीने गेली होती.

आजोबांनी जमिनीला कपाळ टेकून तिला नमस्कार केला.

"तुम्ही आलात, बरं झालं. मला तुमचे आभार मानायचे होते."

"आजोबा, मी तर..."

"त्या रात्री तुम्ही फोन ठेवला नाहीत."

चिझुरुला कळेना. "म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात झोपू द्या, म्हणून मी दिवा बारीक केला. फोन जागेवर ठेवायला उचलला, तर आतून श्वास येत होता. मी म्हटलं, नर्सबाई आहेत अजून. लक्ष ठेवतायत. मग मी फोन परत हिच्या उशीवर ठेवला आणि पलीकडे आडवा झालो. रात्रभर येत होता तुमचा श्वास. फार आधार वाटला. मला चांगली झोप लागली."

चिझुरुने फोन केव्हाच ठेवला होता. त्यानंतर तिने दुसरे फोन घेतले होते, घरी आली होती, जेवली होती.

तिने हळूच विचारलं, "आजोबा, मी श्वास ऐकत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तेव्हा? स्वयंपाकघरात. किटली ओरडत होती, म्हटलं तुम्हाला ऐकू यायचं नाही. ती बंद करायला गेलो."

"खोलीत आणखी कुणी...?"

"आम्ही दोघंच असतो. असायचो."

मग आजोबांनी फोनकडे पाहिलं. भिंतीशी छोट्या टेबलावर होता तो.

"सकाळी मी फोन उचलला, तेव्हा तो थांबला. मी म्हटलं, आता नर्सबाई घरी गेल्या असतील."

चिझुरु बाहेर आली तेव्हा तिने बूट उलटसुलट पायांत घातले होते. गाडीत बसली आणि म्हणाली, "चल."

त्यानंतर ती बदलली.

झोप उडाली. जेवताना चॉपस्टिक्स हवेत धरून कान देऊन बसायची. माझे दीर शेजारी झोपले की ती त्यांच्या नाकाशी हात धरायची. ते बिचारे दचकून उठायचे. "अगं, मी जिवंत आहे," म्हणायचे. सुरुवातीला हसत म्हणायचे. नंतर हसेनासे झाले.

कामावर तर जास्तच. ती कुणालाही फोन तोंडाजवळ धरायला सांगेना. त्याऐवजी सरळ हात वर करायची. पोटात गुबारा धरला, हात वर. बोट कापलं, हात वर. एका दुपारी तिने उचकीसाठी गाडी धाडली, आणि त्याच वेळी धक्क्यावर एक कोळी दोरात पाय अडकून पडला. त्याच्यासाठी गाडी शेजारच्या गावातून यावी लागली. तो वाचला, पण बर्फात बराच वेळ पडून राहिला.

निशिवाकी म्हणाला, "ताई, असंच चाललं तर मला पेशंट पाठीवर घेऊन पळावं लागेल. आणि माझी पाठ तुम्हीच शेकून द्यायची."

थट्टा होती, पण तिला लागली.

कुसाकाबे यांनी सौम्यपणेच सांगितलं. "तुम्हाला इथे बसवलंय ते गाडी कधी पाठवायची नाही हे ठरवायला. जमत नसेल तर तसं सांगा. कुणी काही म्हणणार नाही."

"जमेल," ती म्हणाली.

का म्हणाली, ते तिला अजून माहीत नाही. मला वाटतं, तिला परत ऐकायचं होतं. खात्री करून घ्यायची होती. काहीच नव्हतं, हे स्वतःला दाखवायचं होतं.

मार्च उजाडला. रविवार होता, लख्ख ऊन. छपरांवरचं बर्फ वितळून टपटपत होतं. अशा दिवशी कुणाला भीती वाटत नाही. त्या सकाळी ती मला म्हणाली होती, आज जरा बरं वाटतंय.

दुपारी जेवायच्या सुमाराला निशिवाकीने फोन दिला.

"तोगाशी म्हणून सूनबाई आहेत. सासरे बर्फ उपसून आले आणि खुर्चीत झोपले. सूप थंड होतंय, उठवू का विचारतायत. आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा."

चिझुरुने फोन घेतला. पलीकडची बाई लाजलेली होती.

"सॉरी हं ताई. सासूबाई म्हणतात, दमलेत ते, उगाच काय फोन करतेस. पण मला जरा चेहरा पांढरा वाटला म्हणून..."

"छातीत दुखतंय वगैरे म्हणाले होते?"

"नाही हो. आत आले, म्हणाले, ऊन छान पडलंय. काचेपाशी खुर्चीत बसले आणि डोळा लागला. खूप शांत झोपलेत."

न ठरवताच तिच्या तोंडून निघून गेलं...

"फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा."

बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. पण तोवर फोन तिथे गेला होता.

थेंब टपटपत होते. लांब कुठेतरी टीव्ही चालू होता.

मग टीव्हीचा आवाज आणखी लांब गेला.

थेंबांचाही.

आत... बाहेर.

आत... बाहेर.

आणि शेवटी बारीक शीळ.

श्वास कुणाचाही सारखा असू शकतो, पण वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला तो ओळखू येतो. माणसाची चाल ओळखावी तसा.

तोच होता.

तिने स्वतःचा श्वास रोखून धरला. आपलाच तर ऐकू येत नाही ना, ते बघायला.

पलीकडचा चालूच राहिला.

मग तो जरासा मंदावला. दारापलीकडे कुणी आहे का याचा कानोसा घ्यावा तसा. पलीकडूनही कुणीतरी तिला ऐकत होतं.

"तोगाशीसान," ती म्हणाली. "फोन कानाला लावा. ऐकताय का? फोन कानाला लावा."

फोन सासऱ्यांच्या तोंडाशी होता. सूनबाईपर्यंत तिचा आवाज पोचत नव्हता. तिचा आवाज फक्त त्या श्वासाला ऐकू येत होता.

तिने हात वर केला.

निशिवाकीने कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, म्हातारा झोपलाय."

"गाडी काढ."

"एकच उरलीय. बाकीच्या बाहेर आहेत."

"निशिवाकी, काढ."

त्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. नंतर तो मला म्हणाला, तसा चेहरा मी जळत्या घरातून बाहेर आलेल्या माणसांचाच बघितलाय. त्याने पुढे काही न विचारता बटण दाबलं.

इकडे श्वास चालूच. संथ. समाधानी. चिझुरु सांगते, ऐकता ऐकता तिचेच डोळे जड व्हायला लागले. क्षणभर तिला वाटलं, किती छान झोपलाय हा माणूस. कशाला उठवायचं.

तेवढ्यात सूनबाईचा आवाज आला. "ऐकलंत ना ताई? नीट चाललाय ना श्वास?"

"तुम्हाला ऐकू येतोय?"

"मला... नाही हो. हळू असेल. तुम्हाला फोनमध्ये येतोय ना?"

"मला काय येतंय ते सोडा. त्यांच्या छातीवर हात ठेवा. तळवा ठेवा. हलतेय?"



"सांगा मला."

"ताई..." सूनबाईचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "हलत नाहीये."

पुढचं चिझुरुने शंभरदा केलेलं काम होतं. खुर्चीतून खाली घ्या. पाठीवर झोपवा. फोन जमिनीवर ठेवा, आवाज मोठा करा. दोन्ही हात छातीच्या मधोमध, जोरात दाबा. माझ्याबरोबर मोजा. सासूबाई रडायला लागल्या, तिने त्यांना दार उघडून रस्त्यावर उभं राहायला पाठवलं. सूनबाई मोजत होती. मोजता मोजता रडत होती.

आणि त्या सगळ्याच्या खाली...

आत... बाहेर.

आत... बाहेर.

काही झालंच नाही असा. कुणी छाती दाबतंय, कुणी रडतंय, लांबून सायरन येतोय. श्वास आपला झोपलेला.

"थांबू नका," चिझुरु म्हणत होती. सूनबाईला म्हणत होती. पण ती मला म्हणाली, त्या वेळी मला वाटलं, तोही ऐकतोय आणि तोही थांबत नाहीये.

जवान घरात शिरले. बूट वाजले, यंत्र उघडल्याचा आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, बाजूला व्हा. एक झटका दिला. परत दिला.

मग एक वेडावाकडा, घोगरा, घशात अडकलेला आवाज आला. बुडता माणूस पाण्यावर यावा तसा. कुरूप आवाज. म्हाताऱ्याने स्वतः घेतलेला श्वास.

त्याच क्षणी दुसरा थांबला.

मध्येच.

आत घेतला... आणि बाहेर सोडलाच नाही.

तोगाशी आजोबा वाचले. केंद्रात सगळ्यांनी चिझुरुचं कौतुक केलं. कुसाकाबे यांनी सगळ्यांसमोर वाकून आभार मानले. निशिवाकीने स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना केक आणला. तिने त्यांना एवढंच सांगितलं, की यापुढे फोन तोंडाजवळ धरायला सांगू नका, छातीवर हात ठेवायला सांगा. कुणी का म्हणून विचारलं नाही. काम चांगलं झालं होतं, कारण कशाला हवं.

ध्वनिमुद्रण परत ऐकायला मात्र ती गेली नाही. निशिवाकी ऐकून आला. बाहेर येऊन तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "ताई, ते म्हाताऱ्याच्या घराच्या पाइपमध्ये हवा असेल."

"असेल," ती म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

वसंतात तोगाशी आजोबा सूनबाईला घेऊन केंद्रात आले. हातात मिठाईचा डबा. सूनबाई चिझुरुचा हात सोडेना, डोळे पुसत होती. आजोबा मात्र गंभीर. वाकून नमस्कार केला, ठरलेले शब्द बोलले, बसले. बाकीचे चहाच्या गडबडीत होते तेव्हा ते चिझुरुकडे झुकले.

"फोनवर तुम्हीच होता ना?"

"हो आजोबा."

"एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"त्याला का हाकललंत?"

चिझुरुने डबा खाली ठेवला. "कुणाला?"

"माझ्या वाटचा श्वास घेत होता त्याला."

ते अगदी सहज बोलत होते. शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

"मी खुर्चीत बसलो आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. मग तो आला. म्हणाला, राहू द्या, मी घेतो. आणि घ्यायला लागला. मला काही करायचंच नव्हतं. जन्मात इतकं हलकं वाटलं नव्हतं हो. आता रोज सकाळी उठतो आणि वाटतं, परत आपला श्वास आपणच घ्यायचा."

"कोण होता तो?"

आजोबांनी आठवून पाहिलं. "तोंड नाही दिसलं. पाठीमागे होता. मी त्याला म्हटलं, माझी सून फोन करतेय, आता गाडी येईल. तर तो म्हणाला, नाही येणार."

आजोबांनी मिठाईचा डबा तिच्याकडे सरकवला.

"म्हणाला, ती बाई माझ्या ओळखीची आहे. ती ऐकते आणि राहू देते."

एवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. "बाबा, ताईंना काय छळताय," म्हणाली. आजोबा हसले. कप हातात घेतला.

चिझुरुने महिनाअखेरीस ते काम सोडलं. आता ती आरोग्य केंद्रात लहान मुलांना लशी टोचते. मुलं भोकाड पसरतात, सगळी इमारत डोक्यावर घेतात. ते तिला आवडतं. अग्निशमन केंद्रातलं नर्सचं टेबल अजून चालू आहे, आणि ते असायलाच हवं, असं ती स्वतःच म्हणते. किती लोकांना त्याचा उपयोग होतो.

पण तिच्या डोक्यात एकच चाललेलं असतं. सुगाया आजींच्या आधी ती तिथे दोन हिवाळे बसली होती. रोज कुणाचा ना कुणाचा श्वास ऐकायची. कितीतरी जणांचा तो शांत होता, संथ होता. त्या घरांतून परत फोन आले नव्हते. तेव्हा तिने ते चांगलंच लक्षण मानलं होतं. जुनी ध्वनिमुद्रणं पुसली गेलीत. तपासायला आता काही उरलेलं नाही.

कधी आम्ही दोघी लोणच्यासाठी मुळे धूत असतो आणि ती मध्येच विचारते, "सगळे जिवंतच असतील ना गं?"

मी हो म्हणते. दर वेळी.

आणि नळ चालूच ठेवते. बंद केला की घर शांत होतं, आणि घर शांत झालं की ती ऐकायला लागते.